पूर्वज म्हणजे नेमके कोण?

"आमचे पूर्वज पेशवाईत कोकणातून देशावर आले." "ही जमीन पूर्वजांपासून आमच्याकडे आहे." "अर्जासोबत पूर्वजांच्या नोंदी जोडाव्यात." "माणसाचा पूर्वज माकड होता." अशी वाक्यं मराठीत रोज कुठे ना कुठे बोलली-लिहिली जातात. शब्द एकच आहे, पण पहिल्या वाक्यातली माणसं वेगळी, दुसऱ्यातली वेगळी, तिसऱ्यातली एका ठरावीक तारखेशी बांधलेली, आणि चौथं वाक्य तर मुळातच चुकीचं.

शब्दकोश उघडला तर 'वाडवडील, आधीच्या पिढ्यांतील माणसे' एवढा अर्थ मिळतो. तो बरोबरच आहे. अडतं ते त्याच्या पुढे. किती पिढ्या मागे जायचं? फक्त वडिलांकडून मोजायचं की आईकडूनही? मूलबाळ न होता गेलेला काका पूर्वज का? हयात असलेले आजोबा पूर्वज का? घरात, देवघरात, कोर्टात, तहसील कचेरीत आणि प्रयोगशाळेत या प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी आहेत. ती एकमेकांत मिसळली की वाटणीच्या भांडणापासून दाखल्याच्या अर्जापर्यंत सगळीकडे घोळ होतो. म्हणून एकेक जागा वेगळी करून पाहू.

शब्द आणि त्याचे शेजारी

'पूर्व' म्हणजे आधी, आणि शेवटचा 'ज' जन्मलेला या अर्थाचा. अनुज, वंशज, पंकज यांतला तोच. पूर्वज म्हणजे आधी जन्मलेला, बस. 'ज्याच्यापासून आपण जन्मलो' हा भाग शब्दाच्या घडणीत नाही, आणि म्हणूनच संस्कृतात पूर्वज म्हणजे थोरला भाऊ असाही अर्थ होता. अमरकोशात पूर्वज, अग्रिय आणि अग्रज हे तीन शब्द थोरल्या भावासाठी एका ओळीत दिलेले आहेत. अग्रज त्याच अर्थाला चिकटून राहिला. पूर्वज मात्र मराठीत फक्त आजा-पणज्यांचा झाला.

आपल्या 'वडील' शब्दानेही अशीच जागा बदलली. वडील म्हणजे मुळात मोठा. लग्नपत्रिकेतले 'वडील बंधू' आणि बोलण्यातली 'वडीलधारी माणसं' यांत तो जुना अर्थ टिकून आहे. एरवी वडील म्हटलं की आपल्याला बापच आठवतो. हा दुहेरी अर्थ पुढे 'वडिलोपार्जित' या शब्दात फार त्रास देतो. तिकडे येऊच.

मराठीत पूर्वज हे पुल्लिंगी नाम आहे. एकवचन-अनेकवचनात रूप तेच, आणि वापर बहुतेक वेळा अनेकवचनी. आजीसाठी, पणजीसाठी वेगळं स्त्रीलिंगी रूप रूढ नाही. ती 'पूर्वजां'मध्येच धरायची असते. नियम असा असला तरी प्रत्यक्षात ती धरली जात नाही. या लेखातला बराचसा गुंता या एका गोष्टीतूनच निघाला आहे.

आता शेजारचे शब्द. वंशज म्हणजे खालच्या पिढीतला. मालोजीराजे हे शिवाजी महाराजांचे पूर्वज आणि महाराज हे मालोजीराजांचे वंशज. वारस म्हणजे ज्याला कायद्याने मालमत्ता मिळते तो. विधवा पत्नी नवऱ्याची वारस असते, पण ती त्याची वंशज नव्हे. मूळपुरुष म्हणजे ज्याच्यापासून घराण्याची मोजणी सुरू केली तो. त्यालाही बाप होताच, पण तिथून मागचं कुणाला ठाऊक नसतं किंवा तो पहिल्यांदा त्या गावी येऊन वसला म्हणून त्याच्यापासून सुरुवात धरतात. लेखनात, गायनात, शास्त्रात आपल्या आधी होऊन गेलेल्यांना पूर्वसूरी म्हणायचं. तिथे रक्ताचा संबंध नसतो, विद्येचा असतो. रागाच्या भरात बोलताना 'बापजादे' येतात आणि कृतज्ञतेने बोलताना 'वाडवडिलांची पुण्याई'. माणसं तीच, फक्त बोलणाऱ्याचा सूर वेगळा.

नात्यांची नावं मात्र मराठीत फार वरपर्यंत जात नाहीत. वडील, आजोबा, पणजोबा, खापर पणजोबा. त्यापुढे रोजच्या भाषेत नाव नाही, तिथून सगळे एकगठ्ठा 'पूर्वज'. कुणी शिव्या घालताना 'बेचाळीस पिढ्यांचा उद्धार' करतो, तेव्हा त्यातले एकवीस वडिलांकडचे आणि एकवीस आईकडचे असा हिशेब सांगतात. निदान त्या आकड्यात आईचं कुळ बरोबरीने आहे.

पितर आणि पूर्वज

हे दोन शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. त्यांच्यात फरक आहे, आणि तो एकदा लक्षात आला की पुढचं बरंच काही सोपं होतं.

श्राद्धात पिंड दिले जातात ते तीन पिढ्यांना: पिता, पितामह, प्रपितामह. म्हणजे वडील, आजोबा, पणजोबा. त्यांना अनुक्रमे वसु, रुद्र आणि आदित्य यांच्या रूपात पाहिलं जातं. चौथ्या पिढीपासून नाव घेणं थांबतं. त्यांच्या वरच्या तीन पिढ्यांना पिंड नाही. पिंड केल्यावर हाताला जो अन्नाचा लेप राहतो तो त्यांचा भाग, म्हणून त्यांना लेपभाज म्हणतात. वरचे तीन, त्याखालचे तीन आणि श्राद्ध करणारा स्वतः मिळून सात. 'सात पिढ्या' हा आकडा बोलीभाषेत इतका रुळला, त्यात याही मोजणीचा वाटा असावा असं मला वाटतं.

पण भाद्रपदाच्या वद्य पक्षात जो महालय होतो, त्यात ही यादी एकदम रुंदावते. तिथे आई, आजी, पणजी येतात. आईचे वडील, आजोबा, पणजोबा येतात. त्यापुढे काका, मामा, भाऊ, आत्या, मावशी, बहीण, सासरे, गुरू आणि शेवटी आप्त. नवमीचा दिवस सवाष्ण गेलेल्या बायकांसाठी राखलेला, आणि ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या. या यादीत मूल न होता गेलेला काका आहे, लहानपणी गेलेली बहीण आहे. ते पितर झाले. पण ते आपले पूर्वज नव्हेत, कारण आपण त्यांच्यापासून झालेलो नाही.

उलट बाजूही आहे. हयात असलेले पणजोबा हे अर्थाने पूर्वजच आहेत, पण समोर बसलेल्या माणसाला आपण 'आमचे पूर्वज' म्हणणार नाही. कानाला ते वाईट लागतं. पितर व्हायला मृत्यू लागतो, रक्ताची थेट रेघ लागत नाही. पूर्वज व्हायला थेट रेघ लागते, मृत्यू लागत नाही; तो फक्त बोलण्याच्या रीतीने गृहीत धरला जातो.

आश्विन शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे घटस्थापनेच्या दिवशी, मुलीचा मुलगा आपल्या आईच्या वडिलांसाठी श्राद्ध करतो. याला मातामह श्राद्ध किंवा नुसतं दौहित्र म्हणतात. ज्याचे स्वतःचे वडील हयात आहेत असा लहान नातूही हे करू शकतो. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागर भरून पितरांची आठवण केली जाते. धर्मविधींमध्ये आईकडची बाजू इतकी स्पष्ट असताना घराण्याचा इतिहास सांगताना ती पुसली कशी गेली, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

दरवेळी दुप्पट

सरळ गणित करू. प्रत्येकाला दोन पालक. आजी-आजोबा चार. पणजी-पणजोबा आठ. खापर पणजोबांच्या पिढीत सोळा. दहाव्या पिढीत १,०२४. विसाव्या पिढीत १०,४८,५७६. एक पिढी साधारण पंचवीस वर्षांची धरली तर तीस पिढ्या म्हणजे साडेसातशे वर्षं, देवगिरीच्या यादवांचा काळ. तिथे आकडा येतो १०७ कोटींच्या वर. त्या काळी साऱ्या जगाची लोकसंख्याच ५० कोटींच्या आत होती.

मग चूक कुठे आहे? गणितात नाही. त्या १०७ कोटी 'जागा' आहेत, १०७ कोटी वेगवेगळी माणसं नाहीत. एकच माणूस आपल्या वंशवृक्षात अनेक जागी बसलेला असतो. मामाच्या मुलीशी लग्न झालं तर त्या जोडप्याच्या मुलाला आठ नव्हे, सहाच पणजी-पणजोबा असतात, कारण आईकडून मोजलं काय आणि वडिलांकडून मोजलं काय, एक जोडपं दोनदा येतं. पंचक्रोशीतच सोयरिकी होत राहिल्या की वर जाता जाता फांद्या पसरण्याऐवजी एकमेकींत मिसळायला लागतात. म्हणूनच पाचशे-सातशे वर्षं मागे गेलं की ज्यांची आडनावं, गावं, घराणी आज पूर्ण वेगळी आहेत त्यांचेही पूर्वज पुष्कळसे सामाईक निघतात.

हे एका माहितीच्या घराण्यात पाहू. 'शिवाजी महाराजांचे पूर्वज' म्हटलं की पुस्तकात उतरती ओळ येते: बाबाजी, मालोजी, शहाजी. ही भोसल्यांची ओळ. पण महाराजांचे दोन आजोबा होते. आईचे वडील लखुजी जाधव, सिंदखेडचे. आणि मालोजींच्या पत्नी उमाबाई या फलटणच्या निंबाळकरांच्या. म्हणजे केवळ दोन पिढ्या मागे गेलं तर भोसले, जाधव, निंबाळकर अशी तीन घराणी पूर्वजांत आली, आणि लखुजींच्या पत्नी म्हाळसाबाई यांचं माहेर अजून आपण धरलेलंच नाही. पुढची पिढी घ्या. संभाजी महाराजांच्या आई सईबाई याही फलटणच्या निंबाळकरांच्या. त्यामुळे संभाजी महाराजांच्या वंशवृक्षात निंबाळकर घराणं वडिलांच्या आजीकडून एकदा आणि आईकडून पुन्हा एकदा येतं. वर म्हटलेलं फांद्यांचं मिसळणं ते हेच.

'आमचे पूर्वज' म्हणून आपण अभिमानाने जी दहा पिढ्यांची नावं सांगतो, त्यात प्रत्येक पिढीतलं एकच नाव असतं: ज्याच्याकडून आडनाव आलं तो पुरुष. दहाव्या पिढीतल्या १,०२४ जागांपैकी एक. उरलेल्या १,०२३ जागांवरची माणसं तितकीच आपली पूर्वज आहेत. आडनावाची ओळ ही घराणं ओळखायची सोय आहे. तिलाच पूर्वजांची पूर्ण यादी समजणं चुकीचं.

कायद्याची कात्री

कायद्याला इतका पसारा चालत नाही. तो कामापुरता भाग कापून घेतो, आणि वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळ्या ठिकाणी कापतो.

आधी मालमत्ता. हिंदू कायद्यात वडिलोपार्जित मालमत्ता म्हणजे परंपरेने वडील, आजोबा किंवा पणजोबा यांच्याकडून पुरुषांच्या ओळीने चालत आलेली मालमत्ता. अशा मालमत्तेत मुलगा, नातू, पणतू यांना जन्मतःच हिस्सा असायचा. वरचे तीनच पूर्वज धरायचे; श्राद्धातल्या तीन पिंडांचेही धनी तेच. आईच्या वडिलांकडून आलेली जमीन या अर्थाने वडिलोपार्जित नाही. ती पूर्वजाकडूनच आली आहे, यात शंका नाही. पण कायद्याच्या या खिडकीतून तो पूर्वज दिसत नाही.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो पुढच्या मुद्द्यावर. बोलताना आपण वडिलांनी कमावलेल्या घराला सहज 'वडिलोपार्जित' म्हणतो, कारण शब्दाची फोड तशीच होते: वडिलांनी उपार्जित केलेलं, म्हणजे मिळवलेलं. कायद्याच्या भाषेत मात्र ते वडिलांचं स्वकष्टार्जित घर. ते हयात असेपर्यंत ते विकायचं, दान करायचं की मृत्युपत्राने कुणाला द्यायचं, हे सर्वस्वी त्यांच्या हाती. मुलांना त्यात जन्मतः हक्क नाही. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानंतर आणखी एक बदल झाला. वडिलांची स्वकष्टार्जित मालमत्ता त्यांच्या मृत्यूनंतर वारसाहक्काने मुलाला मिळाली, तर ती मुलाची स्वतःची होते, नातवाला तिच्यात आपोआप जन्महक्क मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली चंदर सेन खटल्यात स्पष्ट केलं. 'आजोबांचं आहे म्हणजे माझा हक्क आहेच' हे वाक्य अनेक घरांत तावातावाने बोललं जातं. ते दरवेळी खरं नसतं.

मुलींचा प्रश्न महाराष्ट्रात थोडा आधी हाताळला गेला. राज्याने १९९४ साली कायद्यात दुरुस्ती करून मुलींना एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मतः हिस्सा दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. २००५च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट गेली. त्यानंतरही ९ सप्टेंबर २००५ला वडील हयात असायला हवेत का, यावर वाद चालू राहिला. तो ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात मिटला: हक्क जन्माने आहे, वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही. पूर्वजाकडून वंशजाकडे येणारी ही वाट मुलींना कायद्याने मोकळी व्हायला १९५६ नंतर अर्धं शतक लागलं.

आता लग्न. इथे कायदा दोन्ही बाजू मोजतो, पण सारख्या नाही. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात सपिंड नातं वडिलांकडून पाचव्या पिढीपर्यंत आणि आईकडून तिसऱ्या पिढीपर्यंत धरलं आहे, आणि मोजणी स्वतःपासून सुरू होते. स्वतः पहिली पिढी, वडील दुसरी, आजोबा तिसरी, पणजोबा चौथी, खापर पणजोबा पाचवी. आईकडून स्वतः, आई आणि आईचे आईवडील, संपलं. या मर्यादेत दोघांचा पूर्वज एक निघाला तर लग्न चालत नाही. अपवाद रूढीचा. मामाच्या मुलीशी लग्न या मोजणीत सपिंडच ठरतं, पण ज्या समाजांत तशी रीत पूर्वापार आहे तिथे कायदा ती मानतो. जुन्या शास्त्रातले आकडे याहून मोठे होते: वडिलांकडून सात, आईकडून पाच.

आणि दत्तकाचं प्रकरण तर फारच बोलकं आहे. १९५६च्याच हिंदू दत्तक कायद्याप्रमाणे मूल दत्तक गेलं की जन्माच्या घराशी त्याचे कायदेशीर संबंध तुटतात आणि नव्या घराशी जुळतात. नव्या घराचे आजोबा-पणजोबा आता त्याचे. पण लग्नाच्या वेळी जुनं घर पुन्हा उभं राहतं. जन्माच्या घरात राहून ज्या नात्यात त्याला लग्न करता आलं नसतं, त्या नात्यात दत्तक गेल्यावरही करता येत नाही. म्हणजे एकाच माणसाला मालमत्तेसाठी एक पूर्वज आणि लग्नासाठी दोन्हीकडचे, आणि दोन्ही गोष्टी एकाच कायद्यात शेजारी लिहिलेल्या आहेत.

तारखेच्या अलीकडे-पलीकडे

जातीच्या दाखल्यासाठी अर्ज करणाऱ्याला 'पूर्वज' हा शब्द एका तारखेच्या रूपात भेटतो. तिला मानीव दिनांक म्हणतात. आपले पूर्वज त्या दिवशी महाराष्ट्रात राहत होते हे दाखवावं लागतं. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. इथे पूर्वज म्हणजे त्या तारखेच्या आधीच्या कागदावर ज्याचं नाव आणि जात सापडते असा वडिलांकडचा माणूस. कधी तो आजोबा असतो, कधी पणजोबा, कधी आजोबांचा सख्खा भाऊ. शेवटचा तर काटेकोर अर्थाने पूर्वज नाहीच, पण वडिलांकडचं रक्ताचं नातं म्हणून त्याची नोंद चालते.

मग शोध सुरू होतो तो कागदांचा. शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा. कोतवालाने ठेवलेली जन्म-मृत्यूची नोंद, म्हणजे गाव नमुना १४. फेरफार, आणि जुनी सात-बाराआधीची पत्रकं. यातले कितीतरी कागद मोडी लिपीत असतात, आणि घरात मोडी वाचणारं कुणी उरलेलं नसतं. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध हाती घेतला, तेव्हा मोडी जाणणाऱ्यांना गावोगाव मागणी आली ती यामुळेच.

सरकारी कागदांच्या बाहेरही पूर्वजांच्या वह्या आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे गावानुसार, आडनावानुसार बांधलेल्या वह्या असतात. क्षेत्री आलेला माणूस आपलं, बापाचं, आज्याचं नाव सांगतो, उपाध्याय ते लिहून घेतो, आणि पुढच्या पिढीतलं कुणी आलं की तेच पान उघडतो. कोल्हापूर, सांगलीकडच्या खेड्यांत हेळवी येतात आणि दारात बसून घराण्याची वंशावळ सांगतात; त्या बदल्यात त्यांना धान्य, पैसा मिळतो. पूर्वजांची आठवण जपणं हाच त्यांचा पिढीजात व्यवसाय.

या बहुतेक वह्यांत पुरुषांचीच नावं आहेत. जुन्या कुलवृत्तांतांतही मुलगी तिच्या लग्नापाशी थांबते: अमक्याची मुलगी, तमक्यांच्या घरी दिली. सून येते ती कित्येकदा फक्त सासरच्या नावाने. माहेरचं नाव गेलं की तिच्यामागचे सगळे पूर्वज त्या घरापुरते हरवतात.

रक्तात काय उतरतं

वंशवृक्षात नाव असणं आणि शरीरात अंश असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आई आणि वडील यांच्याकडून निम्मा-निम्मा डीएनए येतो. आजोबांकडून पाव, पण हा पाव सरासरीने. प्रत्यक्षात एका आजोबांकडून थोडा जास्त, दुसऱ्यांकडून थोडा कमी. डीएनए मोठ्या तुकड्यांनी पुढे जातो आणि दर पिढीला तुकड्यांची नव्याने वाटणी होते. त्यामुळे आठ-दहा पिढ्या मागे गेलं की असे पूर्वज भेटायला लागतात ज्यांचा एकही तुकडा आपल्यापर्यंत पोचलेला नाही. ते पूर्वज आहेतच. ते नसते तर आपण नसतो. पण रक्ताच्या तपासणीत ते सापडणार नाहीत.

दोन धागे मात्र न मिसळता खाली येतात. पेशीतल्या मायटोकाँड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो, तिला तिच्या आईकडून, असं आईच्या आईच्या आईपर्यंत. आणि वाय गुणसूत्र फक्त बापाकडून मुलाला. निसर्गाने आईची ओळ आणि बापाची ओळ सारख्याच निगुतीने जपली आहे.

आता ते माकड. जीवशास्त्रात पूर्वज हा शब्द एका जोडप्यासाठी नसून पूर्वीच्या सबंध प्रजातीसाठी वापरतात. आजची माकडं आपली पूर्वज असू शकत नाहीत, ती आपल्याच काळातली आहेत. चिंपांझी आणि माणूस यांचा एक सामाईक पूर्वज साधारण साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी होता. तो आजच्या चिंपांझीसारखाही नव्हता आणि माणसासारखाही नव्हता. त्याच्यापासून फुटलेली एक शाखा तिकडे गेली, एक इकडे आली. म्हणजे चिंपांझी आपला चुलत भाऊ लागतो. पूर्वजाची आणि भाऊबंदाची इथे गफलत झालेली आहे.

जीवाश्मांच्या बाबतीतही हीच काळजी घ्यावी लागते. १९८२ साली मध्य प्रदेशात नर्मदेकाठी हथनोरा इथे अरुण सोनाकिया यांना प्राचीन मानवाच्या कवटीचा भाग सापडला. बातम्यांत असं काही आलं की लगेच 'आपला पूर्वज सापडला' असा मथळा होतो. पण कवटी सापडली म्हणजे तिच्या मालकाची वंशरेघ आपल्यापर्यंत आली असं ठरत नाही. ती शाखा मध्येच खुंटलेली असू शकते. महालयातला निपुत्रिक काका आठवा: आप्त आहे, पूर्वज नाही.

पुणे जिल्ह्यात इनामगावला डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती उघडी पडली. त्या लोकांनी आपले मृत घराच्या जमिनीखालीच पुरले होते. लहान मुलांना दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवलेलं, मोठ्यांचे पाय घोट्यापासून तोडलेले. गेलेलं माणूस घर सोडून जाऊ नये म्हणून तसं केलं असावं, असा एक तर्क आहे. ही माणसं आपली पूर्वज का? इतक्या मागे गेल्यावर, ज्यांचा वंश टिकला त्यांच्यापैकी बहुतेक जण आज इथे राहणाऱ्या बहुतेकांचे पूर्वज असणार, हे वरच्या गणितावरून पटण्यासारखं आहे. तिथे आडनाव, जात, गाव यांतलं काहीच लावता येत नाही.

वंशावळ काढायची असेल तर

घरात वंशावळ काढायला घेतलीत तर कागद आडवा घ्या, कारण ती वर जाताना रुंद होत जाते. तळाशी स्वतःचं नाव, वर दोन, त्यावर चार, त्यावर आठ चौकोन, आणि चौकोन आधी आखून ठेवा. नाव ठाऊक नसलं तरी चौकोन राहू द्या. रिकामा चौकोन दिसला की कुणाला विचारायचं राहिलंय ते कळतं. प्रत्येक बाईचं माहेरचं नाव, माहेरचं गाव आणि तिच्या आईचं नाव लिहा. आजीच्या माहेरच्या गावी गेलात तर तिथल्या नमुना १४ मध्ये तिच्या जन्माची नोंद असू शकते, आणि ती शोधायला सहसा कुणी गेलेलं नसतं. हयात म्हाताऱ्या माणसांना नावांपेक्षा सोयरिकी जास्त आठवतात. 'तुमची आजी कुठली?' असं विचारलं की नुसती नावं विचारल्यापेक्षा कितीतरी जास्त हाती लागतं.

२०२४ साली राज्य सरकारने शासकीय कागदपत्रांत मुलाच्या नावानंतर आधी आईचं आणि मग वडिलांचं नाव लिहिण्याचा निर्णय घेतला. महाराष्ट्राच्या मातीत ही पद्धत नवी नाही. सातवाहन राजे आईच्या नावाने ओळखले जात: गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी. नाशिकच्या पांडवलेण्यांतलं तीन क्रमांकाचं लेणं गौतमी बलश्रीने भिक्षुसंघाला दान दिलं. नातू पुळुमावीच्या कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षी कोरलेल्या तिथल्या लेखात तिने स्वतःची ओळख करून दिली आहे ती महाराजाची आई आणि महाराजाची आजी म्हणून.